वास आणि मिरास

माणूस 'कोठे' आहे हा प्रश्न तो 'कोण' आहे या प्रश्नापासून वेगळा काढता येतो काय? पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाने दीर्घकाळ तो वेगळा काढता येतो असेच गृहीत धरले होते. सतराव्या शतकात देकार्तने विचार करणाऱ्या 'मी'ला विस्तार नाकारला आणि त्याबरोबर त्या 'मी'चा ठावठिकाणाही नाहीसा झाला. विसाव्या शतकातील जर्मन आणि फ्रेंच तत्त्वज्ञानाने हा ठावठिकाणा पुन्हा शोधण्याचा प्रयत्न केला. १९७० नंतर मानवी भूगोलाने तो शोध आपलासा केला, आणि या दोन ज्ञानशाखांच्या शिवेवर विपुल ग्रंथनिर्मिती झाली. गास्तों बाशलारचा घराच्या कोनाकोपऱ्यांवरील १९५७चा ग्रंथ, अवकाश हा समाजाने घडविलेला असतो असे सांगणारा आंरी लफेव्रचा १९७४चा ग्रंथ, मिशेल फूकोची मरणोत्तर प्रसिद्ध झालेली व्याख्याने, आणि अलीकडे जेफ मॅल्पस व स्टुअर्ट एल्डन यांचे अभ्यास ही या परंपरेतील काही ठळक नावे होत. मात्र या ग्रंथव्यवहारातील एका प्रकाशनाने केवळ ज्ञानात भर घातली असे नाही, तर वाचकापुढे एक नैतिक पेचही उभा केला. त्या पेचाचा विचार येथे करावयाचा आहे.

पेच थोडक्यात असा : ज्या विचारवंताने 'वास करणे' या साध्या क्रियेतील गहन अर्थ उलगडून दाखविला, त्यानेच एका संपूर्ण समाजाला मुळे नाहीत, स्वतःचे जग नाही, असे आपल्या वह्यांतून लिहून ठेवले असेल, तर त्या अर्थाचे आपण काय करावयाचे?

मार्टिन हायडेगरने १९५१च्या ऑगस्ट महिन्यात डार्मस्टाट येथे वास्तुरचनाकारांसमोर एक व्याख्यान दिले. 'बांधणे, राहणे, विचार करणे' असे त्याचे नाव मराठीत सांगता येईल. महायुद्धात जर्मन शहरे बेचिराख झाली होती, पूर्वेकडून हाकलल्या गेलेल्या लक्षावधी निर्वासितांची भर पडली होती आणि घरांची टंचाई हा देशापुढील ज्वलंत प्रश्न होता. हायडेगरने ही टंचाई नाकारली नाही, परंतु खरे संकट तिच्याही मागे आहे, असे तो म्हणाला. माणसाला राहण्यासाठी घर हवे असते हे खरेच, पण राहणे म्हणजे काय हेच तो विसरला आहे. आपण बांधतो म्हणून राहतो असे नव्हे, तर राहणे हाच आपला स्वभाव आहे म्हणून आपण बांधतो. या संदर्भात त्याने काळ्या जंगलातील एका जुन्या शेतकरी घराचे उदाहरण दिले. हिमभार पेलेल असे उतरते छप्पर, जेवणाच्या मेजामागे देवाचा कोपरा, बाळंतिणीची जागा आणि शवपेटीचीही जागा असलेले ते घर होते. पुन्हा तशीच घरे बांधावीत असे आपले म्हणणे नाही, हेही त्याने स्पष्ट केले. ते घर त्याच्या दृष्टीने राहण्याच्या एका लोपलेल्या जाणिवेचा दाखला होते.

या व्याख्यानाचा भूगोलावर जो प्रभाव पडला, त्याचे कारण भूगोलाच्या तत्कालीन स्थितीत आहे. १९५० आणि १९६०च्या दशकांत इंग्रजी भाषक जगातील भूगोल संख्याशास्त्राच्या मागे लागला होता. गावे म्हणजे बिंदू, रस्ते म्हणजे रेषा आणि माणसे म्हणजे त्या रेषांवरून सरकणारे आकडे, अशी त्याची परिभाषा झाली होती. तिच्याविरुद्ध जी प्रतिक्रिया उमटली तिने तत्त्वज्ञानाचा आधार घेतला. चीनमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत अध्यापन केलेल्या यी-फू तुआन यांचा 'टोपोफिलिया' हा ग्रंथ १९७४ साली आला. स्थळाविषयीचा जिव्हाळा हा त्याचा विषय. १९७६ साली एडवर्ड रेल्फ यांनी एकसारख्या होत चाललेल्या, चेहरा हरवलेल्या स्थळांची चिकित्सा केली. त्याच वर्षी आयरिश भूगोलवेत्त्या अ‍ॅन बटिमर यांनी जगण्याच्या प्रत्यक्ष अनुभवाला भूगोलात स्थान मागितले. या सर्वांचा सूर एक नव्हता, आणि प्रत्येकजण हायडेगरचा ऋणी सारख्याच प्रमाणात होता असेही नाही. तथापि या विचारप्रवाहाने त्याच्याकडून दोन गोष्टी घेतल्या असे म्हणता येईल. एक, वास करण्याचा गौरव. दुसरी, मोजदादीची चिकित्सा. जग म्हणजे केवळ मोजता येणारा विस्तार नव्हे, ही भूमिका त्यातूनच बळावली. त्या भूमिकेने भूगोलाला माणूस परत मिळवून दिला, हे तिचे श्रेय निःसंशय आहे.

हायडेगरचा हा विचार मराठी वाचकाला परका वाटत नाही, याला एक भाषिक कारणही आहे. १९३५ साली फ्रायबुर्ग येथे दिलेल्या तत्त्वमीमांसेवरील व्याख्यानमालेत त्याने जर्मन भाषेतील 'असणे' या क्रियापदाची व्युत्पत्ती तपासली. त्या एका क्रियापदाच्या रूपांत तीन प्राचीन धातू मिसळले आहेत, आणि संस्कृतात ते अस्, भू आणि वस् या रूपांत आढळतात, असे त्याने नमूद केले. जर्मन भाषेतील 'होता' या अर्थाच्या रूपांत 'वस्' दडलेला आहे. म्हणजे असण्याच्या पोटातच वसणे आहे. वसणे, वस्ती, वसाहत, निवास, वास्तू असे शब्द रोज उच्चारणाऱ्या आपणाला ही व्युत्पत्ती सुखावणारी वाटली तर नवल नाही.

परंतु ज्या व्याख्यानमालेत ही व्युत्पत्ती आहे, त्याच व्याख्यानमालेत नाझी चळवळीच्या आंतरिक सत्याचा आणि थोरवीचा उल्लेखही आहे. १९५३ साली ती व्याख्याने ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली, तेव्हा हायडेगरने तो उल्लेख तसाच ठेवला. त्याला जोडून कंसात एक खुलासा मात्र होता. तो मूळ हस्तलिखितातीलच आहे असे त्याचे म्हणणे होते, तर ती नंतरची भर असावी असे अनेक अभ्यासक मानतात. त्या वेळी चोवीस वर्षांच्या युर्गेन हाबरमासने एका वृत्तपत्रात लेख लिहून विचारले, की १९३५चे शब्द १९५३ साली कोणत्याही भाष्याविना कसे छापले जातात? तेव्हा हायडेगरची नाझी पक्षाची सदस्यता किंवा १९३३-३४ मधील त्याचे कुलगुरुपद ही काही गुपिते नव्हती. हाबरमासचा प्रश्न चरित्रविषयक नव्हताच. तो प्रकाशनाच्या नीतीविषयी होता. छापणे ही कृती आहे, आणि न बोलता छापणे ही तर अधिकच बोलकी कृती आहे, असा त्याचा आशय होता.

पुढे साठ वर्षांनी, २०१४ साली, फ्रँकफुर्टच्या क्लोस्टरमान या प्रकाशनसंस्थेने हायडेगरच्या समग्र वाङ्मयाचे ९४, ९५ आणि ९६ हे खंड प्रसिद्ध केले. काळ्या मेणकापडी बांधणीमुळे 'काळ्या वह्या' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, १९३१च्या सुमारास सुरू झालेल्या टिपणवह्यांचे हे खंड पेटर ट्राव्हनी यांनी संपादित केले. समग्र वाङ्मयाची योजना १९७५ साली सुरू झाली होती, आणि या वह्या सर्वांत शेवटी याव्यात अशी खुद्द लेखकाचीच इच्छा होती. त्यांतील यहुदीविरोधी नोंदी पृष्ठसंख्येने थोड्या आहेत, परंतु त्यांचे स्थान मोक्याचे आहे. आधुनिक जगाची हिशेबी बुद्धी, मुळांपासून तुटलेपण आणि 'जग' नसणे ही जी लक्षणे हायडेगरने आधुनिकतेवर ठेवली होती, ती या नोंदींत यहुदी समाजाच्या नावाशी जोडली गेली आहेत. २०१५च्या जानेवारीत मार्टिन हायडेगर संस्थेचे अध्यक्ष ग्युंटर फिगाल यांनी पदत्याग केला, तो या वह्या वाचल्यानंतर.

येथे भूगोलाच्या अभ्यासकाने थांबावयास हवे. एखाद्या थोर गणितज्ञाचे खाजगी पूर्वग्रह उघडकीस आले, तर त्याच्या प्रमेयाला त्याची बाधा होत नाही. येथे तसे म्हणून सुटका होत नाही. भूगोलाने हायडेगरकडून ज्या दोन गोष्टी घेतल्या, त्या दोहोंना या वह्यांत मानवी चेहरे चिकटविलेले दिसतात. वास करण्याची थोरवी ज्या भाषेत सांगितली आहे, त्याच भाषेत वासहीन ठरविलेल्यांची नालस्ती आहे. मोजदादीची जी चिकित्सा आपण विचारपद्धतीवरील आक्षेप म्हणून स्वीकारली, ती तेथे एका समाजावरील आरोप होऊन बसली आहे. पूर्वग्रह आणि सिद्धान्त यांचा शब्दसंग्रहच जेव्हा एक असतो, तेव्हा 'माणूस वेगळा, विचार वेगळा' ही सोयीस्कर विभागणी कोलमडते.

मग काय करावे? एक उत्तर त्यागाचे आहे : ही संकल्पनाच दूषित आहे, तेव्हा ती टाकून द्यावी. या भूमिकेचे सर्वांत प्रखर रूप वह्या प्रसिद्ध होण्याच्या कितीतरी आधी एमान्युएल लेव्हिनासने मांडले होते. लिथुएनियात जन्मलेला हा यहुदी तत्त्वज्ञ १९२८-२९ मध्ये फ्रायबुर्गला हायडेगरचा विद्यार्थी होता. पुढे महायुद्धात तो युद्धकैदी झाला आणि लिथुएनियातील त्याचे कुटुंबीय मारले गेले. १९६१ साली युरी गागारिनने पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हा लेव्हिनासने एक छोटा निबंध लिहिला. स्थळाच्या दैवतांना शरण गेलेली माणुसकी 'येथले' आणि 'परके' अशी दुभंगते, आणि त्या दैवतांपुढे यंत्रविद्येचा धोका कमीच म्हणावा लागेल, असा त्याचा युक्तिवाद होता. गागारिन काही काळ का होईना, सर्व स्थळांच्या पलीकडे गेला, याचे त्याला मोल वाटले.

दुसरे उत्तर शोधनाचे आहे. ऑस्ट्रेलियातील तत्त्वज्ञ जेफ मॅल्पस यांनी १९९९ पासून स्थळाच्या संकल्पनेवर सातत्याने ग्रंथलेखन केले आहे. वह्या प्रसिद्ध झाल्यावर त्यांनी इंगो फारीन यांच्यासह २०१६ साली त्यांच्याविषयीच्या निबंधांचा एक संग्रहही संपादित केला. स्थळ म्हणजे मूळ नव्हे, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा आहे. स्थळाला सीमा असते, पण सीमा ही केवळ अडविणारी रेषा नसते. तिच्यामुळेच काही प्रकट होण्याला वाव मिळतो. माणूस स्थळात असतो म्हणून तो मर्यादित असतो, आणि ही मर्यादा सर्वांना सारखीच लागू असते. मग स्थळाच्या नावाने कोणाला बाहेर काढणे हा स्थळाच्याच स्वरूपाविषयीचा गैरसमज ठरतो.

दोन्ही उत्तरांत तथ्य आहे आणि दोन्ही अपुरी आहेत. लेव्हिनासचा इशारा विसरण्याजोगा नाही. परंतु ज्याचे घर हिरावले गेले आहे त्याला गागारिनचे उड्डाण दाखवून काय उपयोग? १९२१ साली मुळशीच्या खोऱ्यातील शेतकऱ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, तो स्थळाच्या दैवतांनी झपाटून नव्हे. पुढे नर्मदेच्या काठी मणिबेलीसारख्या गावांनी बुडिताला विरोध केला, तेव्हाही पाण्याखाली जे गेले ते केवळ क्षेत्रफळ नव्हते. एकराला एकर देऊन हिशेब चुकता होत नाही, हे सांगावयाचे तर स्थळाचीच भाषा लागते. दुसरीकडे, मॅल्पस यांचे शोधन तर्कदृष्ट्या समाधानकारक असले, तरी ते संकल्पनेला तिच्या इतिहासापासून जरा लवकरच मुक्त करते. संकल्पना शुद्ध करून घेता येते. पण ती ज्यांच्याविरुद्ध वापरली गेली त्यांची आठवण त्या शुद्धीकरणात धुतली जाऊ नये.

मला वाटते, या कोंडीतून बाहेर पडण्याची वाट सिमोन वेय हिच्या 'मुळावणे' या अर्थाचे नाव असलेल्या ग्रंथात सापडते. १९४३ साली लंडनमध्ये, मृत्यूपूर्वी काही महिने, तिने तो लिहिला. १९४९ साली आल्बेर काम्यूच्या देखरेखीखालील मालेत तो प्रसिद्ध झाला. यहुदी कुटुंबात जन्मलेल्या आणि नाझींमुळे देश सोडावा लागलेल्या या विदुषीने मुळांचा धिक्कार करावा, अशी आपली अपेक्षा असते. तिने उलट केले. मुळे असणे ही मानवी आत्म्याची गरज आहे, अन्नासारखीच, असे तिने मानले. परंतु गरज म्हटले की ती सर्वांची झाली. कारखान्यातील कामगाराला ती आहे, शेतमजुराला आहे, आणि फ्रेंच साम्राज्याने ज्यांना उखडले त्या वसाहतींतील जनतेलाही आहे. उखडलेला माणूस दोषी ठरत नाही. उखडणे हा दोष आहे, आणि तो युद्धाचा, पैशाचा, जेत्याचा आहे. वेयची स्वतःची यहुदी परंपरेविषयीची मते अनुदार होती, हे येथे नोंदवावयास हवे. तिच्याच कसोटीवर ती मते उणी ठरतात. पण कसोटी तिने दिली, हे खरे.

ही कसोटी मराठीत सांगावयाची, तर आपल्याकडे तिच्यासाठी दोन जुने शब्द तयार आहेत. मराठेशाहीतील गावात जमिनीवर वंशपरंपरेचा हक्क असलेला तो मिरासदार, आणि बाहेरून येऊन कसणारा तो उपरी. दोघेही त्याच मातीत राबत. दोघांचाही तेथे वास असे, मिरास मात्र एकाचीच. वास ही गरज आहे, मिरास हा अधिकार आहे. हायडेगरच्या वह्यांतील नैतिक अपराध मला या भाषेत असा दिसतो : ज्याला त्याने सर्व मर्त्यांचा स्वभाव म्हटले, त्या वासाची त्याने मिरास केली. आणि मिरास म्हटली की उपरी आलाच. तो शोधावा लागतो, आणि सापडला नाही तर निर्माण करावा लागतो.

हा धडा घेण्यासाठी आपणाला जर्मन वह्यांची वाट पाहण्याची गरज नव्हती. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्याच्या गौरवीकरणाला रोखठोक नकार दिला. डार्मस्टाटच्या व्याख्यानाला तेव्हा तीन वर्षे अवकाश होता. ज्या गावगाड्याचे कवतिक चालले होते, त्याला एक कूस होती आणि त्या कुसाबाहेर माणसे वसत होती. त्यांचा वास त्याच भूमीत, पिढ्यान् पिढ्या, आणि तरीही मिरास नाही. काळ्या जंगलातील घराचे वर्णन वाचताना या वाचकाला साहजिकच प्रश्न पडतो, की देवाच्या कोपऱ्यापर्यंत कोणाला येऊ दिले जात होते? दलित साहित्याने हाच प्रश्न मराठी साहित्यातील गावाला विचारला. १९८०च्या दशकात भालचंद्र नेमाडे यांच्या लेखनातून देशीवादाची मांडणी झाली आणि आपल्या भूमीत रुजलेल्या जाणिवेचे महत्त्व ठसले. त्या मांडणीचे मोल मान्य करूनही तिला हा प्रश्न विचारीत राहणे आवश्यक आहे : जे रुजलेपण आपण गौरवितो, ते सर्वांची गरज म्हणून, की काहींची मिरास म्हणून?

अलीकडच्या भूगोलाने या दिशेने एक पाऊल टाकले आहे. ब्रिटिश भूगोलवेत्त्या डोरीन मॅसी यांनी १९९१ साली लंडनमधील किलबर्न या आपल्या वस्तीविषयी लिहिले. आयर्लंडहून, भारतीय उपखंडातून आणि इतर ठिकाणांहून आलेल्यांच्या त्या रस्त्याला स्वतःचा ठसा आहे, पण तो ठसा कोणा एकाच्या मुळांतून आलेला नाही. दूरदूरच्या वाटा तेथे एकमेकींना भेटल्या, म्हणून तो उमटला. स्थळाला ओळख असते आणि ती कोणाचीही मिरास नसते, ही गोष्ट त्यांनी एका साध्या बाजाररस्त्याच्या आधारे सिद्ध केली. यात एक न्यून राहते. वाटांच्या भेटीला स्थळ म्हटले, तर त्या भेटीत कोण किती सत्ता घेऊन येतो हेही पाहावे लागते. मॅसींना त्याची जाणीव होती. कोण हिंडतो आणि कोणाला हिंडविले जाते, हा भेद त्यांनी त्याच निबंधात केला आहे.

आता पुन्हा प्रकाशनाच्या प्रश्नाकडे वळू. फूकोने आपल्या मृत्यूनंतर काहीही छापू नये अशी इच्छा व्यक्त केली होती. १९८४ साली तो गेला. १९९७ ते २०१५ या काळात त्याची कोलेज द फ्रान्समधील व्याख्याने ग्रंथरूपाने आली, आणि २०१८ साली त्याच्या लैंगिकतेच्या इतिहासाचा चौथा खंडही आला. हायडेगरने याउलट सर्व काही छापण्याची व्यवस्था केली, पण क्रम आपल्या हाती ठेवला. एकाची इच्छा मोडली गेली, दुसऱ्याची पाळली गेली. दोहोंपैकी अधिक अस्वस्थ करणारे उदाहरण दुसरेच आहे. वह्या शेवटी आल्यामुळे वाचकांच्या दोन पिढ्यांनी वास करण्याचा गौरव आधी आत्मसात केला आणि त्याची किंमत नंतर वाचली. लेखकाने ठरविलेला हा क्रम वाचकावर बंधनकारक नाही. १९५१चे व्याख्यान यापुढे शिकवावयाचे, तर वह्यांतील त्या नोंदी आणि लेव्हिनासचा निबंध त्याच्याबरोबरच वाचावयास हवेत. ग्रंथालयानेही समग्र वाङ्मयातील सोयीचे खंड तेवढे घेऊन भागणार नाही.

२५ जुलै १९६७ रोजी कवी पाउल सेलान टोट्नाउबर्ग येथील हायडेगरच्या झोपडीत गेला. छावणीत आई-वडील गमावलेल्या आणि जर्मन भाषेतच कविता लिहिणाऱ्या या यहुदी कवीने तेथील अभिप्रायवहीत सही केली. यजमानाकडून एका शब्दाची त्याला आशा होती, हे त्या भेटीवरील त्याच्या कवितेवरून कळते. जाहीरपणे तो शब्द कधी आला नाही. ज्याने राहण्याचा अर्थ जगाला सांगितला त्याच्या दारी एक बेघर झालेला माणूस पाहुणा म्हणून आला होता, आणि त्या वेळी राहण्याच्या तत्त्वज्ञानाची परीक्षा होती. अतिथी दारात उभा असताना घराविषयी आपण काय म्हणतो, यावरून आपल्याला घराचा अर्थ किती कळला हे ठरते. वासाची संकल्पना आपण टाकून देऊ नये, कारण ती विस्थापितांच्या कामाची आहे. पण ती उच्चारताना उपऱ्याकडे पाहूनच उच्चारावी. इतके पथ्य तरी या नव्या ग्रंथांनी आपणावर घातले आहे.